पुष्पाबाईंसह घाट उतरल्याची हकीकत

गोडादरा, सुरत
रविवार, १६ मार्च १९९७

तीर्थरूप बाबुराव भाऊंना धाकट्या उज्ज्वलाचा दोन्ही गुडघे टेकून नमस्कार (उजवा बुधवारच्या चढापासून अजून नीट वाकत नाही, तेव्हा दीड गुडघ्याचा समजून गोड मानून घ्यावा).

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. ह्यांची रात्रपाळी संपून दिवसपाळी लागली, त्यामुळे घरात दिवसाढवळ्या मोठ्यानं बोलायची परवानगी मिळाली आहे. तुमच्या साखरेचं कसं आहे? पिंपळनेरच्या डॉक्टरांनी गोड बंद केल्याचं कळलं, आणि पाठोपाठ तुम्ही डॉक्टरच बदलल्याचंही कळलं. नवे डॉक्टर कमी शिकलेले असतील तर प्रकृतीला जास्त मानवतील, असं ह्यांचं म्हणणं आहे. हे मी म्हटलेलं नाही.

आता मुद्द्याचं. गणपतीत तुम्ही इथे आला होतात तेव्हा चार माणसांत म्हणालात, की आमची उज्जी सपाट रस्त्यावरसुद्धा कड्यावरून लोटल्यासारखी सायकल चालवते. सगळे हसले. मीही हसले, कारण हातात चहाचा ट्रे होता. पण भाऊ, तुमची ही बहीण गेल्या बुधवारी सोनगडच्या पलीकडचा सात वळणांचा घाट सायकलवरून उतरली, तोही एकटी नाही, कॅरिअरवर एक सरकारमान्य परीक्षक बसवून. हे वाक्य पुन्हा वाचावं. मग पुढे यावं.

सुरुवातीपासून सांगते. गेल्या वर्षी मला त्या महिला संस्थेत शिवणशिक्षिकेची नोकरी लागली हे तुम्हाला माहीत आहे. मुलाखत घेणाऱ्या मालतीबाईंनी विचारलं, सायकल येते का? मी म्हटलं, येते. खोटं नव्हतं. गोडादऱ्यात सायकल मला येतच होती. गोडादऱ्यात चढ म्हणजे गतिरोधक आणि उतार म्हणजे त्याची दुसरी बाजू. पण नेमणूक निघाली सोनगडला. सोमवारी गाडीनं जायचं, संस्थेच्या खोलीवर राहायचं, आणि बुधवारी डोंगरापलीकडच्या आमलीपाड्याला जाऊन अकरा बायकांना शिवण शिकवायचं. जायचं कसं? मालतीबाई म्हणाल्या, तुम्हाला सायकल येते ना!

पहिल्या बुधवारी घाट चढताना मी चौदा वेळा उतरले. शेळ्यांचा एक कळप मला मागे टाकून गेला, आणि त्यातली एक लंगडी होती. उताराबद्दल तर विचारूच नका. उतार लागला तशी मी पुढच्या चाकाकडे बघत बसले (जणू ते पळून जाणार होतं), मग घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला, आणि सायकल थांबली. मी नाही थांबले. करवंदाच्या जाळीत जाऊन पडले. साडीचा काठ चेनमध्ये, पदर काट्यात आणि मी दोन्हींच्या मध्ये. (तेव्हापासून घाटात मी पंजाबी ड्रेस घालते. आता वाचलंच आहे तर रागवायचं ते शेवटी एकदमच रागवा.)

त्या जाळीतून मला बाहेर काढलं दगाभाऊंनी. दगाभाऊ म्हणजे आपल्या साक्रीकडचे साठीचे गृहस्थ, सोनगडच्या बेकरीचे पाव डोंगरातल्या पाड्यांवर सायकलनं पोचवतात. नाव दगा असलं तरी माणूस भरवशाचा. मागे पावांची पेटी, पुढे बटरच्या पिशव्या, आणि घाट असा चढतात की जणू कोणी वरून दोरीनं ओढतंय. मला उभं करून त्यांनी आधी सायकल तपासली, मग मला, आणि अहिराणीत म्हणाले, "बहीन, चाक कोठेच जात नही. वाट दख." माझ्या शिक्षणाचा हा पहिला धडा. जिकडे नजर, तिकडे सायकल. खड्ड्याकडे बघत राहिलं की खड्ड्यातच जातो आपण.

पुढे दर बुधवारी त्यांची माझी वाट एकच पडू लागली. घाट डोळ्यांनी पूर्ण चढायचा नाही, पुढच्या विजेच्या खांबापर्यंतच चढायचा, मग तिथून पुढच्या. दम लागण्याआधी वेग कमी करायचा, लागल्यावर नाही. खांदे सोडायचे, दात सोडायचे (मी दात आवळून चढत होते हे मला ठाऊकच नव्हतं, फक्त संध्याकाळी भाकरी चावत नसे). उताराला वळण येण्याच्या आधी वेग मारायचा, म्हणजे कमी करायचा, वळणात ब्रेकला हात लावायचा नाही. मागचा ब्रेक आधी, पुढचा हलकेच. अंग मागे, पायडल दोन्ही सारखे. ब्रेकवर माझी मूठ बघून ते एकदा म्हणाले, "त्यानी मान नको दाब. त्याले इनंती कर." भाऊ, एवढं गोड बोलणं आपल्या घरात माणसांशीसुद्धा कोणी केलेलं नाही.

सुरतेला आल्यावर सराव कुठे करायचा? अख्ख्या शहरात आमच्या वाट्याला आलेला एकच डोंगर, तो म्हणजे रेल्वेवरचा पूल. रविवारी पहाटे मी आणि हे निघायचो. मी वर जायची, खाली यायची, परत वर. हे पुलाच्या तोंडाशी उभे राहून वळणापाशी ओरडायचे, "विनंती! विनंती!" नवव्या खेपेला एका ट्रॅफिक पोलिसानं मला थांबवून विचारलं, "बेन, कंई खोवायुं छे?" (काही हरवलंय का?) मी म्हटलं, हो, भीती हरवायची आहे, पण सापडतच नाही कुठे ठेवली ती. त्यानं ह्यांच्याकडे दयेनं पाहिलं.

असे पाच-सहा महिने गेले. चढताना चौदा वेळा उतरायची ती सहा वेळा उतरू लागले, मग दोनच वेळा. आणि आली शिवणाची परीक्षा.

ही परीक्षा काही लुटुपुटीची नव्हती. माझ्या अकरा बायका पास झाल्या तर तिथल्या आश्रमशाळेचे गणवेश शिवायचं काम त्यांना मिळणार होतं. परीक्षा झाली नाही तर केंद्रच बंद, असं मालतीबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. आमची रमीबेन तर तान्ह्या पोरीला झोळीत बांधून दोन डोंगर ओलांडून यायची. आठवडाभर काजं करण्याच्या सरावापायी तिला झोप नव्हती. सुरतेहून परीक्षक येणार होत्या पुष्पाबाई, मूळच्या वर्ध्याकडच्या, अंगानं भरलेल्या, आणि नियमानं त्याहून भरलेल्या. प्रश्नपत्रिकेचा लाखबंद लिफाफा बाराच्या आत उघडला गेला पाहिजे आणि तोवर परीक्षकाच्या नजरेआड होता कामा नये, हे नियम त्यांनी आदल्या दिवशी मला तीनदा ऐकवले.

बुधवारी सकाळी त्या जीपनं निघाल्या, मी सायकलनं. घाटाच्या माथ्यावर पोचले (न उतरता, भाऊ! एकदाही!), आणि बघते तर जीप रस्त्याच्या कडेला बसलेली. स्प्रिंगचा पाटा तुटला होता. प्रवासी झाडाखाली, ड्रायव्हर जीपखाली, आणि पुष्पाबाई दगडावर, छातीशी लिफाफा धरून. सव्वाअकरा वाजले होते. दुसरी गाडी दोनच्या आधी नाही. चालत गेलं तर बारा सहज वाजून जाणार. पुष्पाबाई म्हणाल्या, "परीक्षा रद्द करा. मी तसं लिहून देते." आणि खरंच पिशवीतून पेन काढायला लागल्या.

मला रमीबेन दिसली. म्हणजे तिथे नव्हती ती, पण दिसली. खाली शाळेच्या ओट्यावर कात्री पुसून पुसून चकाकवत बसलेली. माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, कॅरिअरवर बसा."

त्या माझ्याकडे आणि मग उताराकडे पाहत राहिल्या. "तुम्हाला येतं का?"

भाऊ, गेल्या वर्षी मी "येते" असं ज्या धिटाईनं म्हटलं होतं ती आता नव्हती. आता जरा विचार करून म्हटलं, "येतं." आणि पहिल्यांदाच ते खरं होतं.

आधी ब्रेकची रबरं बघितली. पुष्पाबाईंना सांगितलं, पाय लांब ठेवा, माझ्या कमरेला धरा, वळणात माझ्याबरोबर झुका, उलट नाही. निघालो. पहिल्या वळणापर्यंत त्यांनी विदर्भातल्या एकेका देवाला हाक मारली. दुसऱ्या वळणाला देव संपले आणि मला हाका सुरू झाल्या. "अव बाई, हळू घे वं! मले अजून पेन्शन घ्यायची हाय!" मी वळणाआधी वेग मारत होते, ब्रेकना विनवत होते, नजर चाकावर नाही तर वळण संपतं तिथे. तिसऱ्या वळणाला बांबूंनी लादलेला ट्रक समोरून आला. पूर्वीची उज्जी ट्रककडे बघत राहिली असती आणि ट्रकमध्येच गेली असती. मी डावीकडच्या मोकळ्या पट्टीकडे पाहिलं आणि सायकल आज्ञाधारक सुनेसारखी तिकडे गेली. आणि एक गंमत सांगते, उताराला वजन मागे हवं म्हणतात ना, पुष्पाबाईंएवढं उत्तम मागचं वजन मला आयुष्यात मिळालं नव्हतं. सायकल रस्त्याला अशी चिकटून चालली होती की पाचव्या वळणाला मुरूम पसरलेला होता, तोही आम्ही न सरकता पार केला. सहाव्या वळणाला मागून आवाज आला, "थोडं जोरात घे, पावणेबारा व्हत आले." सातव्याला त्या चक्क हसत होत्या.

पण आमलीपाड्याआधी पुन्हा अर्धा किलोमीटर उभा चढ आहे. तिथे दोघींना घेऊन सायकल चढणं शक्य नव्हतं, आणि पुष्पाबाई चालत गेल्या असत्या तर बारा वाजून गेले असते. त्यांनी घड्याळ पाहिलं, लिफाफ्याकडे पाहिलं, चढाकडे पाहिलं. चढ नाकासमोर सरळ, वर शाळेचा ओटा खालून स्पष्ट दिसत होता. म्हणाल्या, "नियम नजरेआडचा आहे. मी इथून बघत राहते. मध्ये दिसेनाशी झालीस तर पेपर रद्द. वर गेलीस की लिफाफा उंच धर. मी रुमाल हलवला की कापायचा."

मी चढले. खांबाखांबानं. चौथ्या खांबाला मांड्या पेटल्या, पाचव्याला वाटलं उतरावं. पण मागे पुष्पाबाईंची नजर आणि वर अकरा बायका ओट्याच्या कडेला उभ्या, ओरडत होत्या, "बेन, आव! बेन, आव!" उतरायला जागाच कुठे होती? वर पोचले तेव्हा बाराला सात कमी होते. लिफाफा उंच धरला. खाली मुंगीएवढ्या पुष्पाबाईंनी पांढरा रुमाल हलवला, आणि रमीबेननं त्या चकचकीत कात्रीनं लाख कापली.

अकराही बायका पास झाल्या. रमीबेनची काजं पाहून पुष्पाबाईंनी चष्मा पुसला. संध्याकाळी त्या दुरुस्त झालेल्या जीपनं परत गेल्या (त्यांनी आधी मला विचारलं होतं, सायकलनं नेतेस का, पण घाट चढायचा होता, मी कानाला हात लावले). मी दगाभाऊंबरोबर निघाले. चौथ्या वळणाला ते पाणी प्यायला थांबले. मी थांबले नाही. माथ्यावर त्यांची वाट बघत उभी राहिले. रिकाम्या पेटीसह ते आले, माझ्याकडे पाहिलं, आणि एवढंच म्हणाले, "आते माले इनंती करनी पडी, हळू चाल म्हनीसन." भाऊ, मला रडू आलं. बऱ्याच दिवसांनी चांगल्या कारणासाठी.

वडीलधाऱ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि गणपतीत जे हसले त्यांना हे पत्र वाचून दाखवावं.

आपली लाडकी (असं मी समजते)
उज्ज्वला

ता.क. आखाजीच्या सणाला मला माहेरी आणायला कोणाला पाठवू नका. नवापूरपर्यंत गाडीनं येईन, पुढे चरणमाळचा घाट मी आणि माझी सायकल बघून घेऊ. फक्त एक विनंती आहे, तीच खरं तर या पत्राचं कारण. तिथे असेन ते आठ दिवस वहिनींना सकाळी दोन तास मोकळं करा. त्यांना सायकल शिकायची आहे. तुम्ही नाही म्हणाल म्हणून त्या विचारत नाहीत.

ता.क. दुसरा. राहवत नाही म्हणून लिहिते. वहिनी शिकल्या आहेत. दिवाळीनंतर त्या इथे आल्या होत्या तेव्हाच. आता घाट शिकायचा आहे. तुमच्या पल्लवीच्या सायकलची सीट रोज सकाळी आपोआप वर गेलेली दिसते म्हणून तुम्ही सायकलवाल्याशी भांडण काढलंत असं कळलं. त्या गरिबाची माफी मागा. पल्लवीपेक्षा तिची आई उंच आहे, एवढंच.