सोमवारचं बीपी

सोमवार, ३ मार्च

पुन्हा सगळे पास! सोमवारच्या तपासणीला हॉलचं दार उघडलं तेव्हा रांग लागलेली, बाह्या आधीच वर सरकवलेल्या. आई नेहमीसारखी पहिली. एकशे वीस-ऐंशी. आकडा ऐकून रांगेकडे अशी वळली, जणू परीक्षेत पहिली आली. मागून शिंपीकाका, मग उरलेली गल्ली. एकाचंही बीपी वाकडं नाही. गेल्या वर्षी याच लोकांना गोळ्या लिहून देता देता डॉक्टरबाईंचा हात दुखला होता. म्हणजे मी काहीतरी बरं करतेय म्हणायचं!

डॉक्टरबाई म्हणाल्या, महिनाअखेरीला ज्या भागाचे आकडे सगळ्यात चांगले, तिथल्या नर्सला कायम करणार. कंत्राटावर इतकी वर्षं काढली, आता कुठे घास तोंडाशी आलाय. पुलापलीकडच्या भागातल्या चष्मेवाल्या नर्सची तेवढी धास्ती. पण तिचे आकडे आपल्याइतके चांगले कुठे!

बुधवार, ५ मार्च

मावशी आली होती. पुलापलीकडे राहते, चष्मेवालीच्याच भागात. दोघी बहिणींची स्वयंपाकघरात कुजबुज. मी आत गेले की एकदम दुधाच्या भावावर गाडी. निघताना मावशीनं माझा गालगुच्चा घेतला आणि आईला म्हणाली, "तू काळजी करू नकोस, आमच्याकडचं मी बघते."

नक्की स्थळ! या दोघी मला सुखानं जगू देणार नाहीत.

शनिवार, ८ मार्च

शिंपीकाका रस्त्यात भेटले. चेहरा लालबुंद, हातात खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी. बीपीचं मशीन पिशवीत होतंच. म्हटलं, बसा पायरीवर, बघू. तर विंचू दिसल्यासारखे मागे सरले. आज नको म्हणे, सोमवारी! पुडीही पाठीमागे लपवली. एवढा मोठा माणूस, वागणं शाळकरी पोराचं.

सोमवार, १० मार्च

आज भलतंच झालं.

शिंपीकाका खुर्चीत बसले, मी पट्टा गुंडाळला आणि ते बाजूला कलंडले. पांढरेफटक! बीपी इतकं खाली की मशीनला सापडेना. आडवं केलं, पाय उशीवर ठेवले, डॉक्टरबाईंना बोलावलं. तासाभरानं रंग परतला. तेव्हा कळलं – सकाळी एकदम तीन गोळ्या घेतल्या होत्या. एक स्वतःची, दोन शेजारून उसन्या. साखर मागावी तशा!

मी आवाज चढवला. ते ओशाळून म्हणाले, "शनिवारी तू मला शेंगदाणे खाताना पकडलंस ना. म्हटलं, माझ्यापायी तुझे आकडे बिघडायला नकोत. तुझ्या आईनं बजावलंय सगळ्यांना."

माझ्या आईनं?

मंगळवार, ११ मार्च

होय, माझ्याच आईनं. चक्क क्लास चालवते! शनिवारी संध्याकाळी दारोदार आठवण. रविवारी मीठ बंद, चहा बंद, लवकर झोप. गोळी फक्त रविवारी आणि सोमवारी. मंगळवारपासून सगळ्यांना सुट्टी – गोळ्यांनाही आणि तोंडावरच्या ताब्यालाही.

मी चिडले, रडले, कपाटाचं दार आपटलं. ती शांतपणे कपड्यांच्या घड्या घालत बसली. मग म्हणाली, "दर वर्षी कंत्राट संपत आलं की तुला जेवण जात नाही. मी बघत बसू? सगळी गल्ली आपण होऊन तयार झाली, मी कुणाला धरून आणलं नाही."

जिवावर उठलेत सगळे, तेही प्रेमानं!

गुरुवार, १३ मार्च

जेवणं झाल्यावर मशीन उचललं आणि निघाले. कुणाला कळवलं नाही. पहिला हात घरातलाच.

एकशे अठ्ठ्याऐंशी-एकशे दहा.

पुन्हा घेतलं. तेच. माझ्या आईचं! सोमवारची पहिल्या नंबरवाली. कधी आडवी झाली असती ते कळलंही नसतं. मला फार भीती वाटली. तिनं माझा चेहरा पाहिला. गोळी घेतली, चप्पल घातली, माझ्या पुढे चालू लागली. शेजारच्या दारावर थाप मारून म्हणाली, "क्लास बंद झालाय. आहे तस्सा हात बाहेर काढा."

निम्म्या गल्लीचं बीपी आईच्याच पंक्तीला. शिंपीकाका तर मान खाली घालूनच बसले.

मंगळवार, १८ मार्च

डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. कपाळाला हात लावला त्यांनी. मग विचारलं, हे तुझ्याच भागात कसं गं? चष्मेवालीकडे तर आकडे सुधारत चाललेत. मनात म्हटलं, माझ्या घरी आई आहे, तिच्या घरी नसेल.

सोमवार, ३१ मार्च

आमचा भाग शेवटून पहिला. चष्मेवाली कायम झाली. पेढा दिला तिनं, मी खाल्ला. गोड होता, मेला.

मला पुन्हा वर्षाचं कंत्राट. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. पण संध्याकाळी गल्लीतून येताना शिंपीकाकांनी खिडकीतूनच जीभ बाहेर काढून दाखवली – गोळी जिभेवर! तिसरा आठवडा, एकही चुकवलेली नाही. आईचं एकशे पन्नासवर आलंय. ती रुसलीय, नंबर गेला म्हणून. मला हसू आवरेना.

बुधवार, २ एप्रिल

मावशीचा फोन. आईचे हात पिठात, म्हणून फोन स्पीकरवर.

"ताई, तुझी युक्ती लागू पडली बघ! आमचा अख्खा भाग पहिला आणला मी. आता तरी आपल्या पोरीला कायम केलं ना? दोन्हीकडचे आकडे एकाच दवाखान्याचे की गं!"

आई पिठाच्या हातांनी तशीच उभी. मी मशीन पिशवीत टाकलं. ती हात धुऊन चप्पल शोधतेय. म्हणते, पुलापलीकडचं पहिलं दार माझ्या बहिणीचं.