आत्याची बस

३ ऑगस्ट
गौरी चेन्नईहून आली त्याला आज महिना. नोकरी सोडलेली नाही, बिनपगारी रजा. तिथे टीव्हीची कार्टूनं करतात. जानेवारीतल्या पोंगलपर्यंत जागा राखतो म्हणाले. तोवर स्वतःची तीन मिनिटांची फिल्म पुरी करायची. नाही झाली तर परत जाऊन त्यांच्याच सशांचे कान हलवायचे. माडीवरच्या खोलीला काळे पडदे. दारावर तमिळमध्ये पाटी, हात लावू नये. बापालासुद्धा.

७ ऑगस्ट
आज आत शिरू दिलं. टेबलावर मातीचा रस्ता, पुठ्ठ्याची पापनाशम गावची बस आणि वीतभर बाहुली: छत्री, पिशवी, नऊवारी. माझी ओरत्तनाडूची थोरली बहीण, हुबेहूब. जन्मभर बसमागे पळत आलेली. गौ. तिला आत्याच म्हणते. बाहुली केसभर हलवायची, फोटो. पुन्हा केसभर, पुन्हा फोटो. असे बारा झाले की पडद्यावर एक सेकंद. दिवसभरात आत्या तीन पावलं चालली. म्हटलं, वेड लागलंय पोरीला. आणि जिना उतरताना एकटाच हसत होतो.

१९ ऑगस्ट
सर्वे खात्यात जन्म गेला, मोजल्याशिवाय राहवत नाही. ती जेवायला खाली आली की मी वर. हात लावत नाही, फक्त मोजतो. कॅमेऱ्याच्या तिवईचा पुढचा पाय भिंतीपासून ८१२ मि.मी., डावा ४०५. मान खाली सात अंश. उपयोग शून्य. वहीत असू दे.

२ सप्टेंबर
आत्याने आज मागे वळून पाहिलं. लॅपटॉपवर दोन सेकंद. पदर खोचते, नाक मुरडते. माझ्या बहिणीची ही ढब पोरीने कधी टिपली कोण जाणे. सौ.च्या डोळ्यांत पाणी. मी चष्मा पुसला, धूळ होती.
"कसं आहे, अप्पा?"
म्हटलं, "चोखट." एवढंच. तोंडावर कौतुक करायला माझी जीभ वळत नाही, जन्माची खोड. इथे लिहितो: इतकी चिकाटी आमच्या सबंध खात्यात मी एका माणसात पाहिली नाही. माझी पोर आहे यावर विश्वास बसत नाही.

२१ सप्टेंबर
शेवटचा लांब शॉट सुरू. आत्या रस्त्याच्या टोकापासून धावत येऊन बस पकडते. कॅ. एकाच जागी, पोंगलपर्यंत हलणार नाही. पुढचा पाय ९४०, डावा ३८६, उजवा ३९१, भिंगाची उंची ११७४, मान खाली अकरा अंश.

आयुधपूजा
गौ. पहाटेच त्रिचीला गेली, दिव्याचा बल्ब उडालाय. आज अवजारांची पूजा. माझी जुनी मोजपट्टी, सौ.ची सुरी, शिवणयंत्र, सगळं मांडलं. मग पोरीचंच अवजार का नको? वरची खोली धुऊन काढली, जमिनीवर चिकटपट्ट्यांचे तुकडे होते तेही खरवडले. कॅ. खाली आणून गंध-कुंकू लावलं. आत्याला नवरात्राच्या कोलूत, बाहुल्यांच्या मांडणीत बसवलं, वरच्या पायरीवर, बाकी बाहुल्यांच्या मधोमध. शेजारपाजारचे नेहमी विचारतात, पोर दिवसभर वर काय करते. म्हटलं, बघा एकदाचं. माझीच छाती फुगली होती.

विजयादशमी
काल गौ. कोलूसमोर येऊन थांबली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं. "अस्कं गेलं, अप्पा, सगळं," म्हणाली आणि वर गेली.
सौ.कडून कळलं ते असं: आत्याला जुना फोटो बघून जागेवर आणता येईल. पण कॅ. नेमका कुठे होता? केसभर चुकला तरी पडद्यावर रस्ता उडी मारणार. मी खरवडल्या त्या पट्ट्या म्हणजेच त्याच्या खुणा. शॉट पहिल्यापासून करायला पोंगलपर्यंत दिवस नाहीत.
चौसष्टाव्या वर्षी अक्कल शेण खायला गेली होती माझी.

दुसरा दिवस
जेवताना घास हातातच राहिला. वही.
घेऊन वर गेलो. गौ.ला देवनागरी वाचता येत नाही. माझ्याखेरीज घरात कुणालाच येत नाही, शाळा त्यांची तमिळ. म्हणून तर इतकी वर्षं मोकळेपणी लिहीत आलो. मी आकडे वाचत गेलो, ती कॅ.चे पाय सरकवत गेली. दुपारपर्यंत जुन्या फोटोवर नवा बरोबर बसला. ती खालीच बसली, भिंतीला टेकून.
"वही आधीपासून वाचा, अप्पा. आकडे सोडून."
"त्यात काही नाही."
"मग वाचायला काय होतंय?"
वाचलं. वेड लागलंय तेही, दोन सप्टेंबरचंही. ती म्हणाली, "हे मज तेव्हांच सांगाचं होतं."


११ जानेवारी
चार सेकंद बाकी, आणि चेन्नईचा फोन: सोमवारी हजर. गौ. आज गेली, समोरासमोर बोलायला. मुदत मागणार की नोकरीच सोडणार, जिना उतरताना तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. जाताना दारावरची पाटी काढली आणि किल्ली माझ्या हातात दिली.
"रोज मोजा. सरकलं तर जागेवर आणा."
"हात लावून?"
"हात लावून."

भोगी
गल्लीत सगळीकडे जुनंपुराणं जाळतायत. सौ. केरसुणी घेऊन वर निघाली होती, तिला जिन्यातूनच परत पाठवली. उद्या पोंगल, गौ.चा फोन नाही.
कॅ. ९४०, ३८६, ३९१. हलला नाही. आत्याने बसचा दांडा धरलाय, एक पाय वर. पायरीपासून चार मि.मी.