उजेड धरून ठेवणारी काच

४ मार्च
जावयाने आज लेकीच्या काचा फोडल्या! बुटाखाली तुडवल्या. ती वेचायला वाकली, तर केस धरून भिंतीवर आपटली. कानातून रक्त. मी मध्ये पडलो, तर मलाही ढकललं. "म्हातारबा, आयतं गिळताय ना, मग गप गिळा." बरगडी ठणकतेय.

प्रयोगशाळेत जाणं त्यानेच बंद केलं. म्हणून ती मागच्या खोलीत काचा करते — झिंक ऑक्साईडचा पातळ थर, त्यात चिमूटभर अ‍ॅल्युमिनियम. तेवढ्याने वीज कितीतरी जास्त वाहते म्हणे! नमुने प्रयोगशाळेतल्या मॅडमना पोचले, तर परगावी नोकरी आणि राहायला खोली. हे त्याला कळलंय.

६ मार्च
पुन्हा श्रीगणेशा. काच द्रावणात बुडवायची, हॉटप्लेटवर वाळवायची, पुन्हा बुडवायची. प्लेट कितीही तापली तरी लाल होत नाही, दिसायला गारच. म्हणून कुणी जवळ आलं की लेक ओरडते — "गरम!" प्रयोगशाळेची सवय. मांजरालासुद्धा ओरडते! हसलो, बरगडी कळवळली.

तयार काचांचा डबा माझ्या गादीखाली.

९ मार्च
काचेवर जांभळा दिवा लावला, वीज मोजायचं मीटर चढलं. दिवा विझवून डबा झाकला — तरी आकडा उतरेना! रेंगाळतच राहिला. लेक म्हणाली, "उजेड गेला तरी काच धरून ठेवते, बाबा."

शाळेतला कवितेचा तास आठवला. घंटा व्हायची, गुरुजी निघून जायचे, आम्ही आपले गुणगुणतोय. तिला चाल म्हणून दाखवली. कितीतरी दिवसांनी हसली.

दारात तो! "गाणी सुचतायत काय?" मीटर उचलून तिच्या तोंडावर घातलं. पुढचा दात हलतोय.

१० मार्च
शेजारणीला म्हणाली, जिन्यावरून पडले.

१२ मार्च
त्याची रीत आता तोंडपाठ झालीय. आधी शिवी. मग उजव्या तळव्याने प्लेटवरच्या काचा झाडून खाली. मग बूट. मग ती. कडव्यांचा क्रम चुकत नाही.

तो यायच्या बऱ्याच आधी ती प्लेट बंद करते. काचांसाठी नव्हे — त्याचा हात भाजू नये म्हणून! वेडी पोर.

१३ मार्च
त्याची किंकाळी गल्लीच्या टोकापर्यंत गेली. तळव्याची कातडी प्लेटलाच चिकटून राहिली. खोलीभर जळका वास. लेकीनेच त्याला दवाखान्यात पोचवलं. डॉक्टर म्हणाले, त्या हाताची मूठ आता लवकर वळायची नाही.

परत आली. एकच घोकत होती — बंद केली होती मी, बंद केली होती.

गादीखालचा डबा काढून तिच्या हातात दिला. म्हटलं, नीघ.

१४ मार्च
सकाळी तिला गाडीत बसवलं. डबा मांडीवर. खिडकीतून पुन्हा तेच — "बाबा, प्लेट बंद केली होती ना मी?"

"केली होतीस," म्हणालो.

तिने बंद केल्यावर मी पुन्हा लावली. आणि तो हात उचलत होता तेव्हा "गरम!" म्हणालो नाही.