सीटचे रूळ

रविवार, ९ फेब्रुवारी

तीर्थरूप आई,

नमस्कार. गुडघा कसा आहे? जिना उतरताना वन्संचा हात धरता ना? त्या म्हणतात धरता, तुम्ही म्हणता गरजच पडत नाही. दोघींपैकी कुणीतरी एक मला फसवतंय.

इथे सगळं ठीक. तुमच्या नातीची परीक्षा संपली, आता दुपारपर्यंत लोळत असते. फोन न करता पत्र लिहितेय, कारण गाडीचा विषय निघाला की तुम्ही "बरं, ठेवते" म्हणता. पत्र ठेवून दिलंत तरी पुन्हा उचलता येतं.

तर गाडी. हे गेल्यापासून दोन वर्षं जागेवर उभी राहून तिची पार रया गेली होती. कव्हर फाटलं होतं, पाणी आत जिरलं होतं. गॅरेजवाल्यानं इंजिन, ब्रेक, टायर बघून दिले, पण गंजाचं म्हणाला, "ताई, यात जीव नका घालू. भंगारात द्या." मला तो शब्द लागला. गंज मीच काढायचा ठरवलं, घरात जे असेल त्यानं.

बंपर ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला. आता त्यात तोंड दिसतं. चाकांचे नट व्हिनेगरमध्ये भिजत घातले. स्वयंपाकघरभर आंबट वास. पोरगी नाक धरून पातेल्यात डोकावली आणि म्हणाली, "आई, याला किती शिट्ट्या लागतील?"

"तू भांडी घासलीस की सांगते."

पण फजिती माझीच झाली. नट धुऊन, कौतुकानं खिडकीत वाळत ठेवून ऑफिसला गेले, तर संध्याकाळी पुन्हा नारिंगी! आता भिजवून काढले की जुन्या टूथब्रशनं घासते, सोड्याच्या पाण्यात बुडवते, धुते आणि लगेच हेअर ड्रायरनं कोरडे करून तेलाचा हात फिरवते. तेल तुमच्या शिलाई मशीनचं घेतलं. राग नसावा.

मी इतकं पाल्हाळ का लावतेय, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. बंपर चमकला नसता तरी गाडी चालली असती. माझं अडत होतं ते दुसऱ्याच जागी.

वन्संकडे जाताना तुम्ही म्हणालात, "त्याच्या सीटला हात लावू नकोस. तिथं त्याचे पाय मावतात." ह्यांच्या लांब पायांसाठी सीट अगदी मागे सरकवलेली होती, आणि रुळांना गंज धरून ती तिथेच घट्ट बसली होती. तुमचा शब्द मोडायचा नाही म्हणून मी पाठीशी दोन उशा घेऊन गाडी काढली. ब्रेकवर जोर दिला तर उशाच दबल्या, मी मागे गेले आणि गाडी फाटकाला जाऊन टेकली.

"आजीला सांगू?" पोरीनं विचारलं.

"मीच सांगेन," म्हटलं. हे घ्या, सांगितलं.

त्या दिवशी मी स्वतःला विचारलं, ही सीट हलवायला मी खरंच तुमच्या रागाला भिते, की तुमचं नाव पुढे करून मीच ती मागे ठेवतेय? ऑफिसातून येताना गाडी दिसली की क्षणभर वाटायचं, हे आत्ताच उतरून घरात गेलेत. तुम्हालाही तसंच वाटत असणार. म्हणूनच तुम्हाला हे घर सोसेना. दोघी एका ताटात जेवल्यासारख्या राहिलो, पण हे एकमेकींना बोललो नाही.

मग बोल्टवर तेल सोडलं, पाना लावला आणि सीट बाहेर काढली. खाली काहीतरी सापडेल असं उगीच वाटत होतं. पेनाचं एक टोपण निघालं, बस. रूळ पातेल्यात मावेनात, म्हणून व्हिनेगरमध्ये फडकी भिजवून त्यांना गुंडाळली आणि वरून प्लास्टिक बांधलं. घासून घासून हात सोलवटले, पण सोडलं नाही.

काल सीट परत बसवली. दांडी ओढली तर इतकी सहज सरकली की मी स्टिअरिंगवरच आदळले. पाय ब्रेकवर पूर्ण पोचला. मला वाटलं होतं, रडू येईल. आलं नाही. याची मला अजून रुखरुख आहे, पण तुम्हाला खोटं लिहिणार नाही.

आज सकाळी पोरीला घेऊन बाजारापर्यंत जाऊन आले. "आई, सायकलवाले पुढे जातायत गं," म्हणे. जाऊ देत.

आई, हे घर तुमचं आहे. बसच्या पायऱ्या गुडघ्याला झेपत नाहीत, हे तुमचं कारण आजवर खरं होतं. शनिवारी सकाळी मी गाडी घेऊन येतेय. यायचं नसेल तर दारात उभ्या राहून, माझ्याकडे बघून सांगा. मी चहा घेऊन परत जाईन, रुसणार नाही. पण त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा येईन.

आणि एक. रुळाची अगदी मागची खाचसुद्धा मी घासून, तेल देऊन ठेवलीय. इतके दिवस सीट मागे होती कारण ती हलतच नव्हती. आता हलते. संध्याकाळी गाडी दारात लागली की तुम्ही ती खुशाल मागे सारून ठेवत जा, मी काही म्हणणार नाही. सकाळी कामाला निघताना मी पुढे घेईन.

वाट बघणं थांबवून न्यायला येणारी,
तुमची सूनबाई