तीन बाजूंचे जोते

मी रंगनाथ भीमा साळवे, वय एकाहत्तर, निवृत्त तालुका वार्ताहर, राहणार निंबदरी, तालुका संगमनेर, जिल्हा अहिल्यानगर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. हृदयाचे डॉक्टर फार मुदत देत नाहीत. मुदतीत लिहायची मला सवय आहे.

१. बँकेतील शिल्लक, भांडीकुंडी व शिलाई मशीन पत्नी चांगुणाबाई हिचे. मशीनची पावती माझ्या नावाची असली तरी ते पहिल्यापासून तिचेच आहे.

२. माझी पुस्तके विहारातील वाचनालयास द्यावीत. गल्लीतल्या आबासाहेबांनी वाचायला नेलेला शब्दकोश आधी परत आणावा. ते नाही म्हणतील. पुन्हा मागावा.

३. वडील गवंडी होते. त्यांचा ओळंबा धाकटा भाऊ कल्याण यास. जोत्याचा शेवटचा कोपरा सगळ्या भावंडांनी हात लावून बसवायचा, ही वडिलांची रीत. २०१९ साली नगरपंचायतीची परवानगी घेऊन मी आमच्या प्लॉटवर घर सुरू केले. तीन बाजू झाल्या. कल्याण पुण्याहून फोनवर म्हणाला, "दादा, दसऱ्याला येतो. तवर कोपरा ठेव." मी चौथ्या बाजूचे काम थांबवले. दसऱ्याआधीच नवा विकास आराखडा प्रसिद्ध झाला आणि आमचा प्लॉट खेळाच्या मैदानासाठी आरक्षित निघाला. कल्याण दसऱ्याला आला, पेढे घेऊन. त्याच्यावर माझा राग होता. तो या कलमात संपवतो.

४. सदर प्लॉट. जोते पुरे असते तर जुन्या परवानगीवर घर बांधता आले असते, असे कार्यालयात सांगण्यात आले. पाहणीला आलेले साहेब म्हणाले, "तीन बाजूंना जोतं म्हणत नाहीत, बाई."

चांगुणा म्हणाली, "मंग काय म्हनत्यात? वसरी? बसा की मंग, च्या टाकते."

साहेब बसले नाहीत. परवानगीचे नूतनीकरण नाकारले गेले. तेव्हापासून बांधता येत नाही आणि आरक्षित जागा कोणी विकत घेत नाही. नगरपंचायतीकडे ती घ्यायला निधी नाही. 'जागा घ्या, नाहीतर सोडा' अशी नोटीस द्यायला दहा वर्षे थांबावे लागते. त्यातली उरलेलीही माझ्याकडे नाहीत. तोवर आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत आहोत, आणि गल्लीतली पोरे आमच्या जोत्यावर बसून क्रिकेट बघतात.

हा प्लॉट मुलगी सायली हिला देतो. ती कोपरगावला नर्स आहे. मागे म्हणाली, "आप्पा, जागा देऊन टाका, मोबदला देतील तेव्हा देतील, अन् मोकळे व्हा." मी तिच्याशी महिनाभर बोललो नाही.

या कलमाच्या पहिल्या मसुद्यात एक अट होती: चौथी बाजू पुरी करून सायलीने तिथे घर बांधावे, जागा देऊन टाकू नये. चांगुणाने तो माझ्याकडून वाचून घेतला आणि म्हणाली, "पोरीनं बी तितंच अडकून पडायचं व्हय?"

ती अट काढली आहे. सायलीने बांधावे, द्यावे किंवा तसेच सोडावे. एका जमिनीवर दोन आरक्षणे नकोत.

लिहून ठेवणार: रंगनाथ भीमा साळवे (सही)

आम्हा दोघांसमक्ष सही केली:
१. गोरक्ष दिघे, शेजारी (सही)
२. डॉ. मोनिका कदम (सही)

स्थळ: निंबदरी
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५