अक्काचं बरं होणं

१४ जाने. १९५५, शुक्र., इंदापूर

संक्रांत. दवाखान्यात गर्दी नाही, कंपाउंडरला काम नाही. दुपारी आमच्या चर्चचे पाळकसाहेब येऊन कागद देऊन गेले. बारामतीला मिशनच्या आवारात तीन दिवस आरोग्यदान सभा. कोणी ब्रदर सॉलोमन येणार. ‘आंधळे पाहतात, पांगळे चालतात, क्षयी बरे होतात.’ सगळं लाल शाईत. वाचून तोंड कडू झालं.

कागद खिशात दडवून घरी आणला, तर अक्काच्या उशाशी तसलाच दुसरा. पाळकसाहेब आधी घरीच जाऊन आलेले. अक्का म्हणाली, “मला न्हेशील का रे?” आई गेली तेव्हा मी दीड वर्षाचा नि ही चौदाची. मला वाढवण्यात हिचं लग्न राहिलं. मग तीस वर्षं बायबलबाई; कळस, निमगाव, नरसिंहपूर, पायी, खांद्याला पिशवी, बायकांना अक्षरं नि शास्त्र शिकवत. दिवाळीआधी थुंकीत रक्त दिसलं, क्षय निघाला. आजवर तिनं माझ्याकडे काही मागितलेलं आठवत नाही. हो म्हणालो.

२२ जाने., शनि., बारामती

शिसारी आली. दुसरा शब्द नाही.

मांडवात हजारभर माणूस. ब्रदर सॉलोमन गोरागोमटा, पोट सुटलेलं, भोंग्यात तोंड घालून ओरडणारा. घाम पुसून टॉवेल टाकला की बायका त्यावर तुटून पडायच्या. कळसचा एक गडी काठी टाकून चालला, टाळ्या, हल्लेलूया. या गड्याला मांडीचं गळू चिरून घ्यायला गेल्या महिन्यात मीच डॉक्टरांपुढे बसवलं होतं. तो चालणारच होता. ओरडून सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. शेजारचा म्हातारा रडत होता, त्याच्या मांडीवर आंधळा नातू.

अक्का पुढे गेली. ब्रदरनं तिच्या कपाळाला तेल लावलं. चमेलीचा वास माझ्यापर्यंत आला, न्हाव्याच्या दुकानात येतो तसा. मग म्हणतो, “औषध म्हणजे अविश्वासाची कुबडी. प्रभूच्या हाती जीव दिलात, तर दुसऱ्याच्या हाती कशाला देता?” अक्कानं पिशवीतून गोळ्यांची बाटली काढली नि त्याच्या टेबलावर ठेवली. हळूच, वर्गात मुलगी पाटी ठेवते तशी. टेबलावर तसल्या बाटल्यांचा ढीग होता.

येताना मोटारीत सुशीला (बायको असून आज तीही परकी वाटली) डोळे पुसत होती.

२४ जाने.

भांडण. म्हणजे मी भांडलो.

मी: अक्का, पुण्याला काढलेल्या छातीच्या फोटोत भोक दिसतंय. उजवीकडे, वर. रुपयाएवढं.
ती: व्हय, मीबी बघितलंय.
मी: इंजेक्शनांनी चक्कर यायला लागली म्हणून ती थांबवली. आता गोळ्याही बंद केल्यास तर काय होईल ठाऊक आहे?
ती: ठाऊक हाय. तूच सांगितलंस की.
मी: मग?
ती: मी देवाला शब्द दिलाय, भास्कर. तुला दिला असता तर तुझा मोडला असता का?

बाहेर जाऊन पंपाखाली डोकं धरलं.

३० जाने., रवि.

उपासनेनंतर पाळकसाहेबांना गाठलं. म्हटलं, तुम्ही सांगा तिला, तुमचं ऐकेल. ते चष्मा पुसत राहिले. “भास्करराव, कुणाच्या विश्वासाच्या आड येऊ नये.” स्वतःच्या मधुमेहाचं औषध हे दर शनिवारी माझ्याकडून नेतात. हे ओठांवर आलं होतं. गिळलं. माणूस वाईट नाही, भित्रा आहे. भित्र्याची किळस जास्त येते.

३१ जाने.

ठरवलं. दवाखान्यातून तिच्या नावाच्या गोळ्या आणल्या, खलात घोटल्या, पुडी केली. अक्का रोज संध्याकाळी सुंठ घातलेलं दूध घेते. सुंठीत कडू लपतं. सुशीलाला सांगितलं. ती आधी नको म्हणाली, मग पुडी हातातून घेतली. “पाप लागलं तर तुम्हांला,” म्हणाली. म्हटलं, लागू दे.

‘तुझा उजवा हात काय करतो हे तुझ्या डाव्या हाताला कळू नये.’ दानधर्माबद्दलचं हे वचन लहानपणी अक्कानंच पाठ करून घेतलेलं. कशाला वापरतोय मी ते.

१५ फेब्रु.

पुडी चालू. पेला रोज रिकामा येतो. एका स्वच्छ बाईला मी रोज फसवतो, नि फसवताना चेहरा सरळ ठेवतो. त्या ब्रदरचीही सुरुवात अशीच झाली असेल.

मागच्या भिंतीपलीकडे मुलाण्यांची सून, जैतून. सातवा महिना, हाडाचा नुसता सापळा, खाल्लेलं टिकत नाही. अक्का संध्याकाळी त्या भिंतीशी उभी असते, दोघींचं काहीबाही चालतं. अक्काला म्हटलं, खोकला आहे तुला, अंतर ठेव. म्हणाली, “ठेवते की. तोंडाला पदर धरते.”

५ मार्च

खोकला निम्म्यावर. ताप पंधरा दिवस नाही. आज अंगण झाडलं तिनं, सुशीलाच्या हातून खराटा ओढून घेऊन. मी लपून पाहत होतो. डोळ्यांत पाणी आलं, लगेच स्वतःचा राग आला. यात रडण्यासारखं काय. औषध लागू पडलं, संपलं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, “काय कंपाउंडर, तुमचा येशू आमचं दुकान बंद करणार म्हणायचं.” सगळे हसले. मीही हसलो. त्याचाही वीट आला नंतर. दोन्हीकडून टवाळी, मधे मी.

२६ मार्च, शनि.

पुण्याहून नवा फोटो. भोक नाही. जागा नुसती पांढुरकी. डॉक्टरांनी उजेडावर धरून तीनदा पाहिला. मी पुड्यांचं सांगितलं तेव्हा त्यांनी पाठ थोपटली. “चोरून दिलंत, पण वाचवलंत.”

घरी अक्कानं फोटो घेतला, उलटा धरला, म्हणाली, “प्रभूनं केलं.” सुशीलानं माझ्याकडे पाहिलं नाही.

३ एप्रिल, रवि.

पाळकसाहेबांनी जाहीर केलं. पुनरुत्थानाच्या सणाला, ईस्टरला, ब्रदर सॉलोमन इंदापुरी येणार. अक्काची साक्ष. शिवाय मीही पुढे यावं, दवाखान्यातला माणूस म्हणून फोटो दाखवावा.

म्हणजे माझ्या गोळ्यांवर तो माणूस गावोगाव हिंडणार. त्याच्या टेबलावर आणखी बाटल्या पडणार. आंधळ्या नातवाचा आजा आठवला. नाही. उभा राहणार नि सगळं सांगणार. पुड्या, सुंठ, दूध, सगळं. अक्काची मान खाली गेली तरी. रात्रभर विचार केला असं लिहिणार होतो, पण खरं तर लगेच ठरलं. रागात फार लवकर ठरतं.

६ एप्रिल, बुध.

दुपारी खातूनबी दवाखान्यात आल्या, जैतूनची सासू. काल नातू झाला, बाळ-बाळंतीण ठीक, गुळाची ढेप घेऊन आल्या. म्हटलं हे कशाला.

“तुमच्या अक्कांसाठी हाय, कंपौंडरसाहेब. दोन म्हैनं झालं, रोज सांजचं दूद भिंतीवरनं आमच्या सुनंला दिलं त्यांनी. तोंडबी न्हाय लावलं, पेला तसाच आमच्या भांड्यात वतायच्या. कुनाला सांगू नगा म्हनल्या. आता पोर झालं, आता कशाला लपवायचं. सून म्हनायची, जरा कडू लागतंय. मी म्हनलं, सुंठ हाय, पी.”

गुळाची ढेप औषधांच्या कपाटाशेजारी ठेवली. पोटुशी बाई. तिच्या पोटात मी दोन महिने क्षयाचं औषध घातलं. आणि अक्काच्या पोटात एक कणही गेला नाही.

७ एप्रिल

डॉक्टरांना सांगितलं. आधी ते चिडले, मग जैतूनला नि बाळाला तपासून आले. दोघं ठीक. तिथं त्यांनी काहीच सांगितलं नाही. मला म्हणाले, “आता गप्प बसा.”

मी विचारलं, मग अक्काचं भोक कशानं भरलं?
“आधीच्या इंजेक्शनांचा गुण असेल. कधी कधी आपोआपही भरतं.”
आपोआप म्हणजे कसं?
त्यांनी पेनचं टोपण लावलं. “म्हणजे आम्हांला ठाऊक नाही.”

हा माणूस प्रथमच मला आवडला.

१० एप्रिल, रवि. पुनरुत्थान

प्रार्थनामंदिर भरलेलं. अक्का उठली, चार वाक्यं बोलली. आजारी होते, आता नाही, देवाची स्तुती असो, बसते. ब्रदरला ते पुरलं नाही. तिचा दंड धरून त्यानं तिला पुन्हा उभं केलं. “सांगा, बाई, औषध फेकलं त्या क्षणी काय वाटलं?” ती म्हणाली, “फेकलं न्हाय. ठेवलं. आणि दुसऱ्यांनी ठेवावं असं मी म्हनत न्हाय. माझा शब्द माझ्यापुरता.”

तो हसला नि मोठ्यानं भजन धरलं.

मग माझं नाव पुकारलं. फोटो हातात. सांगायचं ते सगळं चार दिवसांत निकामी झालेलं. चमत्कार खोटा ठरवायला गेलो असतो तर खोटं बोलावं लागलं असतं. म्हणालो, “भोक होतं. आता नाही. कशानं गेलं मला ठाऊक नाही. पण ज्यांच्याकडे औषध आहे त्यांनी ते घ्यावं, हे मला पक्कं ठाऊक आहे.” टाळ्या नाहीत, हल्लेलूया नाही. ब्रदरनं माझ्या हातातून फोटो काढून घेतला. मी परत मागितला. त्याला द्यावा लागला.

या माणसाबद्दल माझं मत होतं तेच आहे, उलट जास्तच वाईट झालंय. पण अक्का बरी आहे, आणि हे दोन्ही एका वेळी खरं असणं मला सोसत नाही.

११ एप्रिल, सोम.

सकाळी सांगून टाकलं. ती ज्वारी निवडत होती. पुड्या, दूध, सगळं. सुशीला चुलीपाशी पाठ करून.

अक्का निवडायची थांबली. वाटलं, फसवलंस म्हणून बोलेल. त्याआधी मीच विचारलं, तू दूध का देत होतीस, तुझ्या अंगात तरी काय होतं तेव्हा?

“उपास धरला होता संध्याकाळचा, सणापर्यंत. उपास करताना तोंड उतरवून गावाला दावू नये म्हनून पेला घेत होते. पोरीला उपयोगी पडला.”

बरं होण्यासाठी उपास?

“माझ्यासाठी न्हवता. माझं मी बारामतीलाच देवावर सोडलं.” सुपातले खडे एका बाजूला लोटले तिनं. “तुझ्यासाठी धरला होता. दहा वर्षं झाली, प्रार्थनेला डोळं उघडं ठेवून बसतोस. मला दिसतं.”

म्हणालो, मग देवानं ऐकलं का तुझं, अक्का?

ती एकदम करड्या आवाजात बोलली, लहानपणी मी खोटं बोललो की बोलायची तशी. “ते मग बघू. त्या पोरीला इचारलंस का? तिच्या पोटातलं लेकरू, नि तिला न इचारता तू औषध पाजलंस, माझ्या हातनं. डॉक्टर गप बस म्हनला म्हनून गप बसनार? जा. आधी तिला सांगून ये. मग माझ्याशी देवाचं बोल.”

वहाणा घातल्या. भिंतीला वळसा घालून मुलाण्यांच्या दारापर्यंत गेलो. आत बाळ रडत होतं, जैतून त्याला काहीतरी म्हणून गप्प करत होती. कडी वाजवायला हात उचलला, आणि कितीतरी वर्षांनी, नकळत, मी डोळे मिटले. काय मागितलं ते लिहीत नाही. मग कडी वाजवली. आतून खातूनबींचा आवाज आला, “कोन हाय?”

मी नाव सांगितलं.