सगळे माझ्याबरोबर चुका

रविवार, ८ मार्च

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. कंबर धरली आहे, त्यामुळे प्रत्यक्षात नुसती मान लववली आहे. तेवढ्यावर भागव.

पत्र मिळालं. फोनवर तुला ऐकू येत नाही, कानात मशीन घालायला तू तयार नाहीस, म्हणून या वयात आम्हाला पत्रं लिहायला बसवतेस. वर ठणकावून लिहितेस की तुझे कान गेले ते आमच्या ड्रमपायी. अगं, आम्ही वाजवायला लागलो की तू दार लावून घ्यायचीस आणि दाराखालच्या फटीतून तुझी चप्पल ठेक्यात हलताना दिसायची. भाऊ आणि मी ती बघून हसायचो. आज सांगितलं.

इकडे सगळं ठीक. माझं लिफ्टचं काम चालू आहे. परवा एका इमारतीत एक आजीबाई लिफ्टमध्ये अडकल्या. मी बाहेर घाम गाळतोय आणि त्या आतून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतायत. सुटल्यावर मात्र गालावरून हात फिरवून गेल्या.

आता मोठी बातमी. आपल्या ‘शेजाऱ्यांची तक्रार’ बँडला मैदान मिळालं! खरंखुरं, जिथे सामने होतात ते. पाच बँड, प्रत्येकाला अर्धा तास. आयोजक म्हणजे पंचविशीतली चुणचुणीत मुलगी. आम्हाला म्हणाली, “तुमच्या गाण्यांवर मी लहानाची मोठी झाले.” मास्तर म्हणाला, “आमची कुठली? सगळी उसनी आहेत.” तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

उसनी तर आहेतच. वीस-बावीस वर्षं आम्ही दुसऱ्यांचं पॉप-पंक वाजवतो आहोत, आणि ते म्हणजे नेमकं काय हे तू दरवेळी विचारतेस. सोपं आहे. तीन कॉर्ड, ऐकणाऱ्याला धाप लागेल असा वेग, आणि ‘या गावात मला कुणी समजून घेत नाही, मी चाललो’ अशी कुरकुर. आमचा गायक मास्तर आठवडाभर वर्गात भूगोल शिकवतो, पोरांना बाकावर उभं करतो, आणि शनिवारी स्टेजवर ‘आग लागो या शाळेला’ म्हणून कोकलतो. विमा, म्हणजे आमचा गिटारवाला, दिवसा लोकांना म्हातारपणाची पॉलिसी विकतो आणि संध्याकाळी ‘आम्ही म्हातारे होणारच नाही’ वाजवतो. गाव सोडून आमच्यातलं कुणीच गेलं नाही. गेलीस ती तू, जिने त्यातली एक ओळ कधी म्हटली नाही.

आमचा पहिला कार्यक्रम तुला आठवत असेल, मामेबहिणीच्या लग्नातला. मी बेस गिटार घेऊन एकीकडे, विमा दुसरीकडे, मास्तर तर तिसऱ्याच गाण्यात. एकच गाणं चार वेळा संपलं. नवऱ्या मुलाचे आजोबा प्रत्येक वेळी टाळ्या वाजवत होते. घरी येताना भाऊ म्हणाला, “बरोबर कोण ते मागाहून ठरवू. आधी सगळे माझ्याबरोबर चुका.” तोच आमचा नियम झाला. काही होवो, ड्रमच्या मागे राहायचं. त्या एका नियमावर लग्नं, ऑफिसच्या पार्ट्या, सोफ्याच्या दुकानाचं उद्घाटन, सगळं निभावून नेलं.

राहता राहिला तुझा प्रश्न. भाऊ चहा बशीसकट घेतो का? ताई, हे काय भलतंच! आप्पांच्या हातात कपबशी खडखडायची, त्यांचं सगळं तू एकटीने केलंस, त्यामुळे तुला ज्याच्या-त्याच्या मनगटाला आप्पांचे हात दिसतात. भाऊ ठणठणीत आहे. फ्रेमचं दुकान जोरात आहे. हल्ली काच तेवढी बाहेरून कापून आणतो, पण आजकाल सगळेच आणतात.

वहिनींचा तुला नमस्कार. पथ्य सांभाळ.

तुझा,
बारक्या


गुरुवार, २ एप्रिल

प्रिय ताई,

तुझ्या पत्रात या वेळी एकच ओळ. ‘काच कधीपासून बाहेरून कापून आणतो?’ तू पोलिसात जायला हवं होतंस.

सांगतो, पण माझ्या पद्धतीने सांगू दे.

मैदानातल्या कार्यक्रमाला दिवे असतात आणि मागे मोठा पडदा. पडद्यावर चित्रं, गाण्याचे शब्द. ते सगळं एका मशीनवर चालतं. ते मशीन ड्रमवाल्याच्या कानात टिक-टिक करत राहतं, त्याने त्या टिकटिकीला धरून वाजवायचं, म्हणजे दिवे आणि गाणं बरोबर चालतं. विमा ते सरावाला घेऊन आला. दुकानाच्या मागच्या खोलीत, फ्रेमांच्या पट्ट्या बाजूला सारून आम्ही बसलो. इयरफोन भाऊच्या कानात आणि विम्याच्या.

मला टिकटिक ऐकू येत नव्हती. मला विम्याचा चेहरा दिसत होता. अर्ध्या गाण्यात तो गोंधळला. एकदा भाऊकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि हळूच आपल्या कानातलं काढून टाकलं. मग निवांत ड्रमच्या मागे वाजवायला लागला. नियमाप्रमाणे.

भाऊ थांबला. म्हणाला, “हे पुढे पळतंय.”

मग मीच म्हणालो, “बिघडलेलं गळ्यात मारलं असेल.”

“तसंच असणार,” मास्तर म्हणाला. “मलाही वाटलंच.” त्याच्या कानात तर काही नव्हतंच.

“उद्या बदलून आणतो,” विमा म्हणाला. दुसऱ्या दिवशी तेच मशीन दुसऱ्या पिशवीत घालून आणलं. भाऊने पुन्हा वाजवून पाहिलं आणि म्हणाला, “हेही तसलंच.” आम्ही तिघांनी मिळून दुकानदाराला यथेच्छ शिव्या घातल्या. तो बिचारा कुठे उचक्या देत बसला असेल देव जाणे.

घरी येऊन मी आमचं जुनं रेकॉर्डिंग काढलं. एका बाजूला ते लावलं, दुसऱ्या बाजूला गेल्या महिन्यातलं, तेच गाणं. जुनं संपून गेलं आणि नव्याचं अख्खं कडवं बाकी होतं. ताई, आम्हाला कुणालाच कळलं नाही. तो हळू झाला तसे आम्हीही झालो. सगळेच बरोबर मागे पडत असलो तर मागे कोण पडलं ते दिसणार कसं?

आप्पांचंही आधी हळूच व्हायला लागलं होतं ना? थरथर नंतरची. आधी सदऱ्याची बटणं, मग जिना. तू दाराशी त्यांच्या चपला घेऊन उभी राहायचीस आणि आम्ही दोघं म्हणायचो, आप्पा हल्ली आळशी झालेत.

आयोजक मुलीचा फोन आला. सरावाचं रेकॉर्डिंग तिने ऐकलं होतं. फार नम्रपणे म्हणाली, “काका, त्या दिवसापुरता मी दुसरा ड्रमर देते. तुमच्या भावांनी शेवटी एक गाणं वाजवावं, मानाने.” त्याला हे मी सांगायचं. मी तीन वेळा दुकानात गेलो. तिन्ही वेळा काय हवं म्हणून त्याने विचारलं आणि तिन्ही वेळा मी फ्रेम घेऊन परत आलो. घरात आता तीन कोऱ्या फ्रेमा आहेत आणि लावायला एक फोटो नाही. मुलीला कळवलं, भाऊच वाजवेल, मशीन लावूनच वाजवेल.

वहिनींना सगळं ठाऊक आहे. मला जिन्यात गाठून म्हणाल्या, “भाऊजी, मी बोलले की भांडण होतं. तुम्ही सांगा. नाहीतर वन्संना लिहा.” डॉक्टरांकडे जायचं तर तो म्हणतो, कार्यक्रम होऊन जाऊ दे.

म्हणून लिहिलं. तू तरी काय करणार आहेस म्हणा.

बारक्या


सोमवार, २७ एप्रिल

प्रिय ताई,

कार्यक्रम शनिवारी झाला.

उजेड होता तोवर आमची पाळी आली. समोर एवढी माणसं मी जन्मात पाहिली नव्हती. पहिली दोन गाणी भाऊ त्या टिकटिकीशी नुसता झुंजत होता. दोन ठोके घाई करून तिला गाठायचा, की पुन्हा ती निसटायची. जबडा घट्ट मिटलेला, शर्ट पाठीला चिकटलेला. मी त्याच्याकडे बघणं बंद केलं. मला बघवेना.

तिसरं गाणं ‘मी चाललो’चं. सुरुवातीला त्याने कानातलं काढून गळ्यात टाकलं आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो? तो निघाला आणि आम्ही तिघं त्याच्या मागे निघालो.

पडदा मात्र कुणाच्या मागे राहणारा नव्हता. शब्द पुढे जायला लागले. लोक पडद्यावर बघून गातात, तेही पुढे गेले. मास्तर एक ओळ म्हणतोय आणि हजार माणसं पुढची. मग त्यांचं गाणं संपलं. प्रचंड टाळ्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या, आणि ठरल्याप्रमाणे सगळे दिवे बंद झाले. आमचं शेवटचं कडवं बाकी होतं.

अंधारात वाजवलं. दुसरीकडे कुठे जाणार? समोरची माणसं पाण्याच्या बाटल्या घ्यायला वळली होती. कुणीतरी हसलं, कुणीतरी “झालं, झालं” म्हणून ओरडलं. पुढच्या बँडची पोरं बाजूला गिटार घेऊन उभी होती. भाऊने एक ठोका गाळला नाही. शेवटची झांज वाजवून तिला हाताने धरून गप्प केलं, नेहमी करतो तसं. मग आम्ही खाली उतरलो.

काल सकाळी ड्रम उतरवायला त्याने मला दुकानात बोलावलं. तो खुर्चीवर बसला, मी पेट्या आत आणत होतो.

“बारक्या,” तो म्हणाला, “मशीन बिघडलेलं नव्हतं ना?”

मी पेटीचे पट्टे सोडत राहिलो.

“विम्याने तेच परत आणलं. कोपऱ्यावर ओरखडा होता. जन्मभर काचा हाताळल्यात, मला ओरखडा दिसत नाही?”

“मग तेव्हाच का नाही बोललास?”

“तुम्ही तिघं इतकं जीव तोडून खोटं बोलत होतात. मोडवेना मला.” तो हसला. मग ड्रमच्या काठ्या पिशवीत सारल्या. “मला वाटत होतं मी बरोबर वाजवतोय,” म्हणाला. “तुम्ही कुणी कधी पुढे गेलाच नाहीत रे.”

“नियम तुझाच होता,” मी म्हणालो. इतक्या वर्षांत एवढंच सुचलं.

“हो. माझाच,” तो म्हणाला.

निघताना विचारलं, “ताईला कळवलंस का?” मी हो म्हणालो. तर म्हणाला, “तिला बोलावू नकोस. आप्पांचं करता करता ती अर्धी झाली. माझ्यासाठी पुन्हा नको.” बुधवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. वहिनी आणि मी बरोबर जाऊ. डॉक्टर काय सांगणार ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे. गोळ्या देतील. आप्पांनाही दिल्या होत्या.

म्हणून मी ये म्हणून लिहीत नाही. त्याने नको म्हटलंय. आणि येऊ नकोस असं लिहायला बसलो तर तेही होत नाही. कागद बदलून पाहिला. हा तिसरा.

मास्तर विचारत होता, पुढच्या शनिवारी सराव आहे का. मी म्हणालो, भाऊला विचार. भाऊ म्हणाला, “आहे.” तर आहे.

तुम्हा दोघांच्याही मागे येणारा,
बारक्या

ता. क. पहिल्या पत्रात विचारलं होतंस, त्याचं उत्तर द्यायचं राहिलं. नाही घेत, ताई. वहिनी बशी ठेवतात आणि तो ती बाजूला सारतो. बरेच दिवस झाले.